विलेम हावरानेकची सर्वपक्षीय बीअर

बीअर घरी करायची, हे विलेम हावरानेक बोलून गेला तेव्हा त्याच्या तोंडात बदकाचा घास होता. भरल्या तोंडानं केलेल्या घोषणा मागे घेता येतात असा त्याचा समज होता. पण समोर सासरे बसले होते.

सासरे म्हणजे ओल्द्रिख माटेर्ना. गावच्या ब्रुअरीत त्यांनी अडतीस वर्षं बीअर शिजवली. पुढे ब्रुअरी बंद पडली, तिच्या कोठारात आता गालिचे विकतात, आणि तेव्हापासून ओल्द्रिख कुणाशी फारसे बोलत नाहीत. दर रविवारी लेकीकडे जेवायला येत, दुकानातून आणलेल्या बीअरचा एक घोट घेत, काढा प्याल्यासारखं तोंड करत आणि 'हं' म्हणत. ब्लांकाशी लग्न होऊन विलेमला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात सासऱ्यांचं जे काही बोलणं त्याच्या वाट्याला आलं, ते बहुतेक या एका अक्षराचंच.

त्या रविवारी मात्र ते 'हं'वर थांबले नाहीत. "पाणी," ते ग्लासाकडे बघत म्हणाले. "झाकण लावलेलं पाणी."

बीअर विलेमनंच निवडून आणली होती. त्याला लागलं. "बाबा, एप्रिलमध्ये तुमची पंचाहत्तरी आहे ना? त्या दिवशी मी स्वतः, घरी केलेली बीअर पाजतो तुम्हाला."

ब्लांकाचा काटा कोबीतच थांबला. ओल्द्रिखनी मान वर केली आणि जावयाकडे, बहुधा पहिल्यांदाच, नीट पाहिलं.

"कुठल्या पद्धतीनं?"

विलेम जमीन मोजणीच्या कचेरीत होता. बावीस वर्षं त्यानं लोकांचे बांध आणि कुंपणं मोजून दिली होती आणि त्यात एका इंचाची चूक काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती. पण बीअर करायच्या 'पद्धती' असतात, एकापेक्षा जास्त असतात, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"योग्य त्या," तो म्हणाला.

"हं," सासरे म्हणाले.

सोमवारी कचेरीत गेल्या गेल्या त्यानं शेजारच्या टेबलावरच्या राडिमला विचारलं. राडिम घरी बीअर करतो हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तो दुसरं काही बोलतच नसे.

"डबा," राडिम म्हणाला. "हॉप्सची कडू फुलं वगैरे घालून आटवलेला पाक डब्यात तयार मिळतो. डबा उघडायचा, गरम पाण्यात कालवायचा, यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं. अर्ध्या तासाचा खेळ. लोक उगाच दिवसभर चुलीशी उभे राहतात. तू सूप कसं करतोस?"

"पाकिटातलं."

"मग?"

विलेम खूश होऊन घरी आला. इमारतीच्या जिन्यात श्मेर्दा भेटले. श्मेर्दा तिसऱ्या मजल्यावर राहत. पूल बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. खालून जाणाऱ्या नद्या अजून घाबरून असाव्यात असा आवाज. डबा हा शब्द ऐकून ते जिन्यातच बसले.

"डबा? हावरानेक, कुत्र्याचं जेवणसुद्धा डब्यात मिळतं. अहो, माटेर्नांना डब्यातली बीअर पाजणार तुम्ही? जव घ्या. मोड आणून वाळवलेले, भरडलेले. कोमट पाण्यात भिजवा. मग त्या लगद्याचा तिसरा हिस्सा वेगळा काढा, उकळा आणि परत त्यात ओता. मग पुन्हा तिसरा हिस्सा काढा, उकळा, ओता. माझे आजोबा असंच करत."

"त्याला किती वेळ लागतो?"

"आजोबा वेळ मोजत नसत."

तळमजल्यावर सोसायटीच्या अध्यक्षा स्कालोवाबाई टपालपेटी उघडत होत्या. त्यांनी न विचारताच तिसरी पद्धत सांगितली. त्यांची बहीण सगळे जव एका कापडी पिशवीत भरते आणि चहाच्या पुडीसारखे पातेल्यात सोडते. दीड तासानं पिशवी वर काढली की काम झालं. "भांडी कमी लागतात," त्या म्हणाल्या. "आणि वासही कमी येतो. वासाचा मुद्दा नंतर समितीपुढे येईलच, पण आत्ता सांगून ठेवते."

विलेमनं तक्ता आखला. तीन पद्धतींचे तीन रकाने. खाली वेळ, भांडी, धोका, चव, प्रतिष्ठा अशा आठ ओळी, प्रत्येकीला दहापैकी गुण. चार संध्याकाळी तो त्यात बुडाला होता. शेवटी तिन्ही पद्धतींना एक्केचाळीस-एक्केचाळीस गुण पडले. त्यानं 'प्रतिष्ठे'ला दुप्पट वजन देऊन पुन्हा बेरीज केली, तेव्हा डबा मागे पडला. पण राडिमची आठवण येऊन त्याला अपराधी वाटलं आणि त्यानं 'सुटसुटीतपणा' अशी नववी ओळ घातली. पुन्हा बरोबरी.

"तू बीअर करतोयस की निवडणूक घेतोयस?" ब्लांकानं विचारलं.

"पाया पक्का पाहिजे," विलेम म्हणाला.

त्या पायासाठीच तो जकात कचेरीत गेला. घरी बीअर करायची तर आधी तिथं कळवावं लागतं, आणि विलेम नियमानं चालणारा माणूस. खिडकीत एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. नाव, पत्ता, बीअर कुठे करणार, वर्षाला अंदाजे किती.

"मर्यादा किती असते हो?"

"घरच्या घरी प्यायला दोन हजार लिटर. विकायची नाही. तुमची किती होईल?"

"वीस."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वीसशे?"

"नाही, वीस. लिटर."

"वर्षाला?" त्यांनी मागे वळून सहकारिणीकडे पाहिलं. सहकारिणीला एकाएकी खोकला आला. "नाही, हरकत काहीच नाही. माझ्या मामंजींची वीस लिटर चाखण्यातच जातात, म्हणून विचारलं."

मागे रांगेत दोघं उभे होते. बावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत विलेमकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं पेन घेतलं आणि त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: २०००.

"मर्यादेपर्यंत लिहून ठेवलेलं बरं," तो म्हणाला. "परत परत यायला नको."

बाईंनी शिक्का मारला. या वेळी त्यांच्या नजरेत आदर होता, असं विलेमनं घरी सांगितलं.

पंधरा दिवसांनी जकात कचेरीचे एक अधिकारी इमारतीखाली आले आणि त्यांनी चुकून स्कालोवाबाईंची घंटा वाजवली. या इमारतीतली दोन हजार लिटर बीअर कुठे तयार होते, एवढंच त्यांना बघायचं होतं. स्कालोवाबाई एरवी धापा टाकत जिने चढतात. त्या दिवशी अधिकाऱ्यांच्या दोन पायऱ्या पुढे त्या चौथ्या मजल्यावर पोचल्या.

विलेमनं दोघांना स्वयंपाकघरात नेलं.

"उपकरणं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"अजून घ्यायची आहेत."

"धान्य? पाक?"

"तेही पद्धतीवर अवलंबून आहे. पद्धत ठरायची आहे." आणि त्यानं तक्ता दाखवला.

अधिकारी सज्जन होते. त्यांनी तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, नवव्या ओळीशी थांबून 'सुटसुटीतपणा म्हणजे नक्की काय?' असंही विचारलं, आणि वहीत लिहिलं: 'उत्पादन विचाराधीन.' जाताना हलक्या आवाजात म्हणाले, "मी पिशवीनं करतो. पण माझं नाव सांगू नका."

संध्याकाळी कपडे वाळत घालायच्या खोलीत समितीची तातडीची बैठक बसली. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते. श्मेर्दांनी खडू घेऊन भिंतीवर गणित मांडलं: दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, भांडी वेगळी. चौथ्या मजल्यावरून ते वजन खाली यायला लागलं तर कुठे थांबेल, याचं चित्रही काढलं. चित्रातला शेवटचा बाण स्कालोवाबाईंच्या दिवाणखान्यात होता.

"अहो, मी वीसच लिटर करणार आहे!" विलेम ओरडला.

"मग दोन हजार का लिहिलेत?" स्कालोवाबाईंनी विचारलं.

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते चौदा बिऱ्हाडांसमोर देणं शक्य नव्हतं. ब्लांका उभी राहिली. "त्याला खिडकीतल्या बाई हसल्या म्हणून," ती म्हणाली आणि खाली बसली.

सभेत सहानुभूतीची लाट आली. अपमानाच्या खालोखाल माणसाला काही सोसवत नसेल तर ती सहानुभूती. सर्वांनुमते ठराव झाला: हावरानेक यांनी वीस लिटर बीअर करावी. आंबवण्याचं पिंप तळमजल्यावरच्या, मुलांच्या बाबागाड्या ठेवायच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवावं, कारण तिथं तापमान दहा अंशांच्या वर कधी जात नाही. मोबदल्यात प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक बाटली.

आता पद्धत ठरवणं भागच होतं, आणि ते विलेमच्या हातात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी राडिमनं टेबलावर पाकाचा डबा ठेवला: "माझ्याकडून. वाढदिवस सासऱ्यांचा, पण हिंमत तुझी." घरी आला तर दारात श्मेर्दा चार किलो भरडलेले जव घेऊन उभे. आणि आत, स्कालोवाबाईंच्या मापानुसार, ब्लांका जुन्या पडद्याची पिशवी शिवत बसलेली. एकाचं घ्यावं तर दोघं दुखावणार. रात्रंदिवस ज्यांच्याबरोबर एकाच जिन्यात राहायचं, त्यांना दुखवून कुणी बीअर पितं का? विलेमनं तक्त्याची घडी घातली आणि ठरवलं: तिन्ही.

अशी गावातली पहिली सर्वपक्षीय बीअर मार्चच्या पहिल्या शनिवारी सकाळी शिजू लागली. पातेलं तीस लिटरचं, स्कालोवाबाईंचं. इमारतीच्या वार्षिक जेवणात त्यात गुलाश, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, शिजे. विलेमनं ते सहा वेळा घासलं. सातव्यांदा हुंगलं तर लसूण आणि पाप्रिका अजून घरातच होत्या.

जव पिशवीत भरून भिजत घातले. श्मेर्दांनी दर पाच मिनिटांनी पिशवीत हात घालून 'तिसरा हिस्सा, तिसरा हिस्सा' करत लगदा उपसायचा आणि छोट्या पातेल्यात उकळायचा. पिशवीतून लगदा उपसणं म्हणजे उशीतून कापूस काढून, तो धुऊन, परत उशीत भरण्यासारखं काम. तिसऱ्या हिश्श्याच्या वेळी पडद्याची शिवण सुटली.

"शिवण नव्हती सांगितली मी," स्कालोवाबाई म्हणाल्या. "माझी बहीण अखंड कापड वापरते."

"माझे आजोबा कापडच वापरत नसत," श्मेर्दा म्हणाले.

जव पातेलंभर पसरले. ते गाळणीनं गाळता गाळता दुपारचा एक वाजला. मग त्या गोड काढ्यात राडिमचा डबा गेला, हॉप्स गेले आणि उकळी आली. उकळी येते म्हणजे काय, हे विलेमला दूध आणि बटाटे यांच्यापुरतं माहीत होतं. हा काढा आधी दहा मिनिटं काहीच करत नाही. मग तो एकदम निर्णय घेतो. तपकिरी फेस पातेल्याच्या काठावरून शेगडीवर, शेगडीवरून खणात, खणातून चमचे-काट्यांच्या कप्प्यात उतरला. तो थोपवायला श्मेर्दांनी झाकण दाबून धरलं. पुलांच्या बाबतीत ही युक्ती चालत असेल.

"ब्लांका, फडकं!"

"कुठलं फडकं? पडदासुद्धा संपला!"

उकळलेलं पातेलं लवकर गार करायचं होतं. ते दोघांनी उचलून न्हाणीघरातल्या टबात ठेवलं. नळाचं पाणी पुरेना, तेव्हा स्कालोवाबाईंनी जिन्यात उभं राहून हुकूम सोडला आणि अख्खी इमारत अंगणातला उरलासुरला बर्फ बादल्यांतून चौथ्या मजल्यावर आणू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी फुलदाणीतून आणला. बर्फात पाइनच्या काड्या होत्या, त्यातल्या काही पातेल्यात गेल्या. श्मेर्दा म्हणाले, असू द्या, सुवास येईल. गार झालेला काढा पिंपात ओतला, यीस्ट टाकून पिंपाला झाकण लावलं, त्यावर वायू जायची नळी बसवली आणि पिंप मिरवणुकीनं तळमजल्यावर आलं. टबात अजून बर्फ होता, त्यामुळे त्या रात्री हावरानेक कुटुंबानं आंघोळी राडिमकडे केल्या.

पुढचे चौदा दिवस पिंपाला एकांत मिळाला नाही. विलेमनं झाकणावर चिठ्ठी लावली: 'कृपया उघडू नये.' त्याखाली कुणीतरी लिहिलं: 'का?' आजींना वाटे, बिचाऱ्याला थंडी वाजत असेल. त्या सकाळी पिंपाला लोकरीची शाल गुंडाळत. श्मेर्दा दुपारी शाल काढत. संध्याकाळी ती परत असे. नळीतून ब्लुप, ब्लुप असा आवाज येई. नवव्या दिवशी तो थांबला, तेव्हा जिन्यात काळजीचं वातावरण पसरलं. दहाव्या दिवशी तो दुप्पट जोरानं सुरू झाला. कुणीतरी साखर घातली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण स्कालोवाबाई बरेच दिवस नजर चुकवत होत्या.

बाटल्या भरल्या, तळघरात रचल्या आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ओल्द्रिख माटेर्नांची पंचाहत्तरी आली.

पाहुणे जमले, जेवण झालं. विलेमनं एक बाटली उघडली. फेस आला, आणि येतच राहिला. अर्धा ग्लास बीअर मिळवायला तीन ग्लास लागले. रंग पावसाळी डबक्यासारखा. विलेम भिंतीला टेकून उभा राहिला. गेले तीन महिने त्याला या घटकेची जी दृश्यं दिसत होती त्यात सासरे एक तर उठून मिठी मारत किंवा उठून जात. तिसरं दृश्य त्यानं कल्पिलं नव्हतं.

ओल्द्रिखनी ग्लास उजेडात धरला. हुंगला. एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. गिळला. ग्लास खाली ठेवला.

"यात लसूण आहे," ते म्हणाले.

"पातेलं..." विलेम म्हणाला.

"ती पहिली चूक. आमच्याकडे रुदा म्हणून एक होता. त्यानं एकदा गरम करायला म्हणून ढवळायच्या वल्ह्याला सॉसेजचा डबा बांधला, तो आत फुटला. वीस हजार लिटर बीअर गटारात ओतली. साहेबांनी त्याला विचारलं, 'चव कशी होती?' तर म्हणतो, 'मोहरी कमी होती.'" त्यांनी आणखी एक घोट घेतला. "दुसरी चूक. उकळीला झाकण लावलंत."

"ते श्मेर्दांनी..."

"उकळीवर झाकण ठेवलं की शिजलेल्या कोबीचा वास बसतो. पाहिजे तर हुंगून बघ. नाही, तसं नाही, हातानं ग्लास गरम कर आधी. आता बघ. आला?"

विलेमनं हुंगलं. आला.

"तिसरी म्हणजे, हे आंबताना कधी गरम झालं, कधी गार. कुणी तरी सारखं पांघरूण घालत होतं की काय? यीस्ट घाबरतं अशानं. आमच्या तळघरात एक मांजर होती, ती जिथं झोपायची तिथंच पिंप बरं आंबायचं. पुढं कळलं की ती थंड जागाच शोधायची. आम्ही दोन वर्षं मांजरीमागं पिंपं हलवत होतो..."

चौथी चूक सांगून झाली. पाचव्या चुकीत पहाटे चार वाजता भट्टी पेटवायला जाताना दिसणारी, बर्फातून फक्त एका माणसाच्या पावलांनी पडलेली वाट होती. सहावीत ब्लांकाची आई होती. ती ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची आणि ओल्द्रिख मुद्दाम बिघडलेले नमुने घेऊन जात, म्हणजे तिला परत बोलावता येई. ब्लांकानं हे कधी ऐकलं नव्हतं. तिनं केक कापायची सुरी खाली ठेवली.

अकराव्या चुकीपर्यंत विलेमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जमलेल्या पाहुण्यांसमोर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बीअरची अशी चिरफाड! तो रिकाम्या बाटल्या उचलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आला. ब्लांका मागोमाग आली.

"मी पुन्हा कधी..." त्यानं सुरुवात केली.

"विलेम," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ब्रुअरी बंद झाल्यापासून बाबांना एवढं बोलताना मी ऐकलं नाही. आईच्या अंत्यविधीलासुद्धा ते दोन वाक्यं बोलले होते. दोन."

बाहेरून ओल्द्रिखचा आवाज येत होता. ते कुणाला तरी मोड आणायला जमिनीवर पसरलेले जव पायाखाली कसे लागले पाहिजेत ते सांगत होते. मग आवाज थांबला. खुर्ची सरकली, ऐकणारा उठून गेला असावा.

विलेमनं हातातल्या बाटल्या ओट्यावर ठेवल्या. त्याची प्रतिष्ठा, तक्त्यात जिला दुप्पट वजन होतं ती, आतल्या आत थोडी कण्हली. तो तळघरात गेला, दोन भरलेल्या बाटल्या काखेत मारून वर आला आणि सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"बाबा, फेसाबद्दल काही बोलला नाहीत तुम्ही."

ओल्द्रिखनी त्याच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि रिकामा ग्लास पुढे केला.

"फेसाचं सांगायला," ते म्हणाले, "अख्खी दुपार लागेल, जावईबापू."